कोल्ड रूममधली पापलेटं

सिंगापूरच्या उकाड्यात मी वर्षाचे बारा महिने पर्समध्ये लोकरीची टोपी घेऊन चोआ चू कांगच्या घरून ऑफिसला जायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या प्रयोगशाळेत तेलविहिरींसाठी लागणारं सिमेंट तपासलं जाई आणि माझ्याकडे अतिथंड प्रदेशांचं काम होतं. तिथली जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. विहिरीत पोलादी नळी सोडली की नळी आणि जमीन यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरतात. साधं सिमेंट तिथे जमायच्या आत त्यातलं पाणीच गोठतं आणि पुढे त्याचा भुगा होतो. लवकर जमणारं घ्यावं, तर ते जमताना इतकं तापतं की भोवतालची जमीन वितळते आणि नळीचा आधार जातो. या दोन्हींतून सुटेल असं एक मिश्रण मी जिप्सम आणि मीठ घालून बसवत होते. त्याचे ठोकळे ओतायचे, शून्याच्या खाली कोल्ड रूममध्ये ठेवायचे आणि आठवड्याने यंत्राखाली फोडून त्यांची ताकद बघायची.

ही कोल्ड रूम म्हणजे अख्ख्या मजल्याचा फ्रीज झाली होती. कोट घालून आत जायचा कंटाळा, म्हणून लोक दाराजवळच्या मांडणीवरच सगळं कोंबत. कुणाची कोंबडी, कुणाचं डबा बंद असूनही दरवळणारं ड्यूरियनचं फळ. आतल्या फळ्या इतर प्रकल्पांनी अडवलेल्या, त्यामुळे त्याच मांडणीच्या वरच्या फळीवर माझे ठोकळे. कोंबडीचं गोठलेलं रक्त मी उलथन्याने खरवडून काढलंय. खाण्याचं काही ठेवू नये अशी पाटी मी मांडणीवर लावली होती. तिच्याच खाली आमच्या बॉसने एका शुक्रवारी संध्याकाळी पापलेटांच्या चार पिशव्या ठेवल्या. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी त्यांच्या मरीन परेड भागातल्या फ्लॅटवर आम्हा मराठी मंडळींचं बार्बेक्यू होतं.

बॉस पुण्याचे. ऑफिसात मला मॅडम म्हणत आणि काही काम काढायचं असलं की वहिनी. पंचविशीपर्यंत त्यांनी माशाला बोट लावलं नव्हतं आणि आता मासा कसा निवडावा हे ते मला, रत्नागिरीच्या बाईला, शिकवत.

बार्बेक्यूआधीच्या बुधवारी मी आठवड्यापूर्वी ओतलेले ठोकळे फोडले. ताकद अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली. बॉस खूश झाले. क्लायंटला हिवाळ्याच्या आत विहिरींत सिमेंट भरायचं होतं, त्यामुळे सोमवारी माझ्या सहीने रिपोर्ट पाठवायचा असं ठरलं. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

रविवारी बॉसच्या बायकोने पापलेटं वाढली. वर मसाल्याचा जाड थर. मी एक तुकडा मोडला, तर त्याचे नीट पापुद्रे सुटेनात, पिठासारखा लगदा झाला. आणि मसाल्याखालून तो वास. माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, स्मेली ला," आणि तिने घास सरळ कागदात थुंकला. मी तिला दटावणार होते, पण माझ्याच्यानेही तो गिळवेना.

बॉसची बायको ओशाळली. माझ्याजवळ येऊन हळूच सांगू लागली की तिने यांना आधीच म्हटलं होतं, हे मासे टाकून द्या. गेल्या सोमवारी सकाळी यांना ऑफिसच्या त्या थंड खोलीचं दार किलकिलं सापडलं. माशांच्याच एका पिशवीचा बंद दारात अडकला होता. सगळ्या माशांना पाणी सुटलं होतं. यांनी दार लावलं, मासे परत गोठले, आणि म्हणाले, काही होत नाही.

मी ताट खाली ठेवलं. शनिवार-रविवार दार उघडं. तापमान मोजणारी तार आत पंख्यामागे, तिथे गारवा टिकला असणार, म्हणून नोंदीत काही दिसलं नाही. दाराजवळच्या मांडणीवर मात्र मासे वितळले होते, आणि त्यांच्या वरच्याच फळीवर माझं सिमेंट आरामात उबेत जमलं होतं. ती ताकद सिंगापूरच्या हवेची होती.

बॉस बाल्कनीत निखारे फुलवत होते. मी त्यांना दार उघडं राहिल्याचं विचारलं. त्यांनी आधी बायकोकडे रागाने पाहिलं, मग माझ्याकडे बघून हसले.

"वहिनी, माशांचं तेवढं मनावर घेऊ नका."

"मासे खाऊन लोकांचं पोट बिघडेल. ते सिमेंट कच्चं राहिलं तर नळीशेजारून गॅस वर येईल, आणि वर माणसं उभी असतात."

"तिकडे इतकी थंडी असते, कोण बघायला जातंय? सही करा, पुढचं मी बघतो."

हे बोलताना त्यांनी तेच पापलेट हाताने मोडून तोंडात टाकलं आणि चघळत राहिले. मला त्या माशाची आली नाही इतकी शिसारी त्या क्षणी त्यांची आली. मी मुलीला घेऊन निघाले.

सोमवारी मी सही केली नाही. क्लायंटच्या इंजिनिअरला फोन करून सांगितलं की चाचणी बिघडली, पुन्हा करावी लागेल. कारण विचारलं तेव्हा दार उघडं राहिलं असं सांगितलं. मग ब्लीच घेऊन मांडणी घासली आणि त्यावरचं सगळ्यांचं खाणं, कुणाचं ते न विचारता, कचऱ्यात टाकलं. नवे ठोकळे ओतून कोल्ड रूमला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. बॉस तर पुन्हा मॅडमवर आले.

आठवड्याने मी त्यांच्यासमोर साच्यातून ठोकळा काढला. यंत्रापर्यंत न्यायची वेळच आली नाही. त्यांनी उचलला आणि त्याची कड त्यांच्या अंगठ्याखाली चुरली. टेबलावर ओला करडा भुगा पडला. तो ते बराच वेळ रुमालाने पुसत राहिले. मग म्हणाले, "हे मिश्रण चालणार नाही असं क्लायंटला मी कळवतो. माझ्या पद्धतीने."

"सकाळीच एक ठोकळा काढून बघितला, तेव्हाच मी कळवलंय," मी म्हटलं आणि दुसरा ठोकळा काढायला घेतला.