सगळ्यात हळू चालणारी पुढे

दहावीच्या वर्षी डिसेंबरात आमचं दोन दिवसांचं शिबिर होतं. जायचं होतं कर्जतला. पण आदल्या आठवड्यात तिथून निरोप आला, पंप बिघडलाय, पाण्याची सोय होणार नाही. मग शिबिर लालबागच्या आमच्या शाळेतच, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये घ्यायचं ठरलं. आमचे चेहरे पडले.

शनिवार तसा वायाच गेला. वर्गशिक्षिका बाईंनी आम्हा एकतीस जणांना गोल बसवलं आणि म्हणाल्या, "शाळेचं शेवटचं वर्ष आहे. एकमेकांना काही सांगायचं राहिलं असेल तर सांगा." पुढच्या बाकांवरची हुशार मुलं एका बाजूला, मागच्या बाकांवरची दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही धावण्याच्या टीममधल्या चौघी आमच्याच तोऱ्यात. एकाने विचारलं, "बाई, जेवायची सुट्टी कधी?" बाई हसल्या खऱ्या, पण खट्टू झाल्या होत्या. संध्याकाळी सोडताना म्हणाल्या, "उद्या बूट घालून या. आपण चालत चौपाटीला जाणार आहोत."

"गिरगाव चौपाटी? इथून?"

"इथून."

रविवारी सकाळी आठला आम्ही गेटपाशी जमलो. बाई साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. सव्वा तासात पोचू, असा माझा हिशोब. मी आधीच सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "नियम एकच. आपल्यात जो सगळ्यात हळू चालतो, तो पुढे. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही."

सगळ्यांनी मागे उभ्या असलेल्या एका मुलीकडे बघितलं. सगळ्यात हळू कोण चालतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाचवीत असताना तिला टेम्पोने उडवलं होतं. उजव्या पायात सळी होती आणि तो पाय जरा आखूड राहिला होता. पी.टी.च्या तासाला ती आमच्या वस्तू सांभाळत बसायची. घड्याळं, चष्मे, पाण्याच्या बाटल्या तिच्या ओंजळीत टाकून आम्ही मैदानात पळायचो. इतक्या वर्षांत मी तिच्याशी बोलले होते ते बहुतेक "हे धर गं" आणि "दे", एवढंच.

ती कानापर्यंत लाल झाली. "बाई, नको ना. मी येते मागून हळूहळू."

"जमेल का, एवढंच सांग."

तिने रस्त्याकडे बघितलं. "जमेल. वेळ लागेल."

"लागू दे की."

निघालो. पहिली वीस मिनिटं मी नुसती धुसफुसत होते. इतकं हळू चालायची पायांना सवयच नव्हती. चिंचपोकळीचा पूल उतरल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. "पाच मिनिटं," म्हणाली. सात रस्ता चौकाच्या अलीकडे पुन्हा बसली, या वेळी झाडाखालच्या कट्ट्यावर. दोन्ही ठिकाणी सावली होती आणि सगळ्यांना टेकता येईल एवढी जागा.

मी विचारलं, "तुला या जागा कशा गं माहीत?"

"माहीत नाहीत. बसायची जागा मला लांबूनच दिसते. तुला नाही दिसत?"

मला दिसत नव्हती. पहिलीपासून या रस्त्यांवरून मी पळत आले होते, पण कुठे बसता येईल हे कधी बघितलंच नव्हतं.

हळू चालल्यामुळे आणखी एक झालं. घोळके आपोआप मिसळले. कायम पहिला येणारा मुलगा कायम वर्गाबाहेर उभ्या असणाऱ्या मुलाला सांगत होता की पेपरच्या दिवशी सकाळी त्याला उलटी होते. दुसरा ओरडलाच, "काय सांगतोस! मला पण!" मुंबई सेंट्रलच्या पुढे एका इमारतीच्या पायऱ्यांवर आम्ही डबे उघडले, तोवर कोण कुणाच्या शेजारी बसलंय हे कुणी बघत नव्हतं. तिच्या डब्यातले घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ सगळ्यात आधी संपली.

ऑपेरा हाऊसपाशी मात्र तिचा पाय सुजला. रेलिंग धरून ती उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला. बाईंनी लगेच टॅक्सीला हात केला.

"बाई, पाव तास द्या," ती म्हणाली. "नाही जमलं तर टॅक्सी करू."

कुणी न सांगता आम्ही सगळे तिथेच फूटपाथवर बसलो. येणारेजाणारे बघत होते. एका आजोबांनी विचारलंसुद्धा, "कसला मोर्चा आहे रे?" मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "माझ्या खांद्यावर हात टाक ना."

"खांदा नको. सॅक घे."

मी सॅक घेतली. पाव तासाने ती उठली आणि म्हणाली, "चला."

चौपाटीला पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. वाळू लागल्यावर बाई म्हणाल्या, "नियम संपला. पळा आता." कुणी पळालं नाही. ती तिच्या चालीने पाण्यापर्यंत गेली, बूट काढला, सुजलेला पाय ओल्या वाळूत ठेवला, आणि मग आम्ही सगळे पाण्यात शिरलो.

तिच्या चालण्याचं मला कौतुक वाटलंच. पण त्याहून जास्त वाटलं ते तिच्या थांबण्याचं. तीस जणांसमोर, पुढे असताना, ती सरळ सांगायची, आता बसते. मला ते कधी जमलं नव्हतं. शर्यतीत पोटरी आखडली तरी मी दात-ओठ खात पळायचे आणि नंतर टॉयलेटमध्ये जाऊन रडायचे.

त्यानंतर परीक्षा होईपर्यंत आम्ही रोज दुपारी शाळेच्या हॉलमध्ये एकत्र अभ्यास केला. ती मला बीजगणित शिकवायची. मी तिला काय शिकवलं, ते आठवत नाही.

आता दहावी होऊन पाच वर्षं झाली. ती वकिलीचं शिकते. गेल्या वर्षी कॉलेजच्या स्पर्धेत माझ्या गुडघ्याची लिगामेंट फाटली. परळच्या हॉस्पिटलातून मी पहिला फोन तिला केला. ती आली, खुर्ची ओढून बसली. "कसं आहे?" असं तिने विचारल्यावर मी सवयीने म्हणाले, "ठीक आहे गं."

"खोटं नको बोलू," ती म्हणाली. "किती दुखतंय ते सांग."

मग मी सांगितलं. बराच वेळ सांगत होते.