कंडक्टरकाका एकट्याने दाढी करून येतात

आमच्या शेजारचे काका बसचे कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांना पार्किन्सन्स झाला, तेव्हा सगळ्यांत आधी गेला तो आवाज. ज्या आवाजाने भरल्या बसमधली पेंगणारी माणसं दचकून उठायची, तो इतका बारीक झाला की काकूंना कळेना, हे भांडताहेत की प्रार्थना करताहेत. मग हात थरथरायला लागला, आणि पुढे पायही दगा द्यायला लागले. दाराशी आले की पाय जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखे थिजायचे. मागे काकू, काकूंच्या मागे जावई, जावयामागे पाहुणे, अशी रांग लागायची.

डॉक्टरांनी त्यांना एका वर्गाला पाठवलं. आजार आपला, तेव्हा तो सांभाळायलाही आपणच शिकायचं, असा तो वर्ग. शिकवणाऱ्या बाई काकांच्या मुलीच्या वयाच्या, पण जरब सासूची.

"पाय अडकला की ओढू नका," त्या म्हणाल्या. "थांबा. ताठ व्हा. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर न्या. मग स्वतःलाच मोठ्याने हुकूम द्या आणि लांब पाऊल टाका."

"हुकूम कोणता?" काकांनी विचारलं.

"तुमच्या सवयीचा असेल तो. आणि मोठ्याने म्हणजे मोठ्याने. तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल, तेव्हा कुठे आम्हाला ऐकू येईल."

दर आठवड्याला प्रत्येकाने एक काम ठरवायचं आणि ते करून दाखवायचं. शेजारच्या खुर्चीतले निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "बायकोचं ऐकणार." बाईंनी त्यांना जमण्यासारखं काहीतरी निवडायला सांगितलं. काकांनी ठरवलं, एकट्याने न्हाव्याकडे जाऊन दाढी करून यायची. एरवी ती काकू करायच्या, आणि काकूंच्या हातात वस्तरा आला की काकांना संसारातल्या आपल्या सगळ्या चुका एकदम आठवायच्या.

गोळी घेऊन, ती अंगात भिनेपर्यंत वाट पाहून काका निघाले. रस्ता छान पार पडला. दुकानाच्या चिंचोळ्या दारात मात्र पाय थिजले. आत बाकावर तिघे पेपर वाचत होते, खुर्चीत एक जण तोंडभर फेस लावून बसला होता.

काका थांबले. ताठ झाले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले आणि इतक्या दिवसांचा सराव एकदम बाहेर पडला.

"चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!"

बाकावरचे तिघे मुकाट्याने सरकले. शेवटच्याला बाक पुरला नाही, तो पेपरासकट खाली बसला. फेसवाला उठून भिंतीला लागला. न्हावीसुद्धा वस्तरा घेऊन दोन पावलं आरशाकडे गेला. काका लांब पावलं टाकत आत आले आणि समोर खुर्ची रिकामी दिसली म्हणून तिच्यात बसले.

"अहो, माझी अर्धीच झालीय," फेसवाला म्हणाला.

"मागची गाडी रिकामी आहे, तिने या," काका म्हणाले.

न्हाव्याने कापड बांधलं. "मान हलवू नका हं."

"मी कुठे हलवतोय? ती तिच्या मर्जीने हलते."

"मग ती दमेपर्यंत थांबू," म्हणत न्हाव्याने आधी भिंतीशी उभ्या फेसवाल्याची उरलेली बाजू उभ्याउभ्याच उरकली. काका गुळगुळीत गालांनी घरी आले, तेव्हा जिन्यात जो भेटेल त्याला त्यांनी गाल दाखवला.

पुढच्या आठवड्याचं काम होतं शर्टाची बटणं. यावेळी बाईंनी काकूंनाही काम दिलं: मागितल्याशिवाय मदत करायची नाही. काकू स्वतःच्या हातांवर बसून राहिल्या. काकांनी तिसरं बटण चौथ्या काजात घातलं. काकूंनी छताकडे पाहिलं. मग दूध उतू जातंय असं सांगून त्या स्वयंपाकघरात गेल्या. दूध फ्रिजमध्ये होतं.

"ऐकतेस का?" बऱ्याच वेळाने हाक आली. "हे गळ्याचं तेवढं लाव."

काकू धावतच आल्या आणि खालून सुरुवात करायला वाकल्या.

"गळ्याचं म्हणालो."

काकूंनी ओठ घट्ट मिटले, गळ्याचं एकच बटण लावलं आणि काकांच्या छातीवर हलकेच थाप मारली. शर्टाचं एक टोक गुडघ्याकडे निघालं होतं, दुसरं कमरेशीच राहिलं होतं. "कसा दिसतोय?" काकांनी खणखणीत आवाजात विचारलं.

"देखणे दिसताय," काकू म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून चपला शोधायला गेल्या.