पुढचं दार, मागचं दार

जीनीमावशी दोन गल्ल्या पलीकडच्या चर्चलासुद्धा बसनं जायची. चालणं देवानं कोंबड्यांना नेमून दिलंय, असं तिचं मत होतं. त्यात तिच्या दोन्ही तळपायांना कुरुपं. म्हणून त्या डिसेंबरात माँटगमेरी शहरातल्या आम्हा काळ्या माणसांनी बसवर बहिष्कार घालायचं ठरवलं आणि चर्चच्या सभेत मावशी सगळ्यांच्या आधी उभी राहिली, तेव्हा मागच्या बाकावरून चर्चचा कारभार बघणारे डीकन टॉलिव्हर म्हणाले, "बसा जीनीबाई, सभा संपली नाही अजून."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. "पुढच्या दारानं चढून पुढेच बसता येईल, त्या दिवशी बसमध्ये पाय टाकीन. त्याआधी नाही."

या शब्दामागे एक केक होता. आम्हा काळ्यांनी पुढच्या दारानं चढून पैसे टाकायचे, मग खाली उतरायचं आणि बाहेरून चालत जाऊन मागच्या दारानं चढायचं, अशी बसची रीत. माझ्या आईच्या लग्नाचा नारळाचा केक दोन्ही हातांत तोलत मावशी मागच्या दाराकडे निघाली होती, तेवढ्यात ड्रायव्हरनं बस सोडली. पैसे पुढे गेले, मावशी आणि केक रस्त्यावर राहिले.

डीकननी तिला तीन दिवस दिले. "चौथ्या दिवशी कुरुपं बोलायला लागतील," ते सगळ्यांना सांगत फिरले.

मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गोऱ्या घरी स्वयंपाक करायची. बुटांना तिनं ब्लेडनं भोकं पाडली. "पावलांना खिडक्या केल्यात," म्हणायची, "वारा खाऊ देत बिचारी." डीकन आपल्या जुन्या मोटारीतून माणसांची ने-आण करत. तिच्याशेजारून गाडी हळूहळू चालवत विचारत, "येता का, जीनीबाई?"

"मी आत बसले, तर बंद पडल्यावर ढकलणार कोण?"

एकदाच, गरम मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसली असताना, तिनं मला हळूच विचारलं, "पोरी, मी बसनं गेले, तर डीकन किती हसेल गं?"

"खूप."

"मग राहू दे."

वर्ष उलटलं, वर पंधरा दिवस गेले. बसमध्ये कुणीही कुठेही बसावं, असा कोर्टाचा हुकूम आला. पहिल्या सकाळी मावशी रविवारची हॅट घालून थांब्यावर हजर. मी होते, डीकन होते. बस आली, ड्रायव्हर नेमका तोच, केकच्या दिवशीचा. आम्ही दोघं चढून आत गेलो. मावशी शेवटी चढली, तिनं पैसे टाकले, वळली आणि खाली उतरून मागच्या दाराकडे चालू लागली. इतक्या वर्षांची सवय. पावलांना कोर्टाचं कोणी सांगितलंच नव्हतं.

"जीनीबाई, निघालात कुठे?" डीकन खिडकीतून ओरडले.

ती जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरचा हात दाराच्या दांड्यावर होता. मी त्या हाताकडेच बघत राहिले. मावशी धावली नाही. धावणं तिच्या रक्तातच नव्हतं. हॅट सारखी करून ती आपल्या चालीनं परत आली. बस घुरघुरत उभी होती. दांडा हलला नाही.

ती चढली आणि ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या बाकावर बसली. डीकन पुढे वाकून म्हणाले, "वर्षभर पायपीट केलीत, ती मागच्या दारासाठी?"

"बघत होते," मावशी म्हणाली, "आता तरी थांबतो का ते."