वेशीपर्यंतचा पदर

सुजाताचं डोकं फुटलं, ओटीतला नारळ फुटला नाही. मी धावत पोचले तेव्हा माझी सून ओढ्यावरच्या मोरीच्या दगडी कठड्याजवळ उताणी पडली होती आणि नारळ तिच्या कमरेपाशी पदराच्या गाठीत जसाच्या तसा होता. तांदूळ तेवढे सांडले होते आणि भिजत होते. कशानं ते सांगायला नको. माझा मुलगा सागर रस्त्यावरच्या उसाच्या पाल्यात गुडघे टेकून तिला हाका मारत होता. सहा वर्षांची नात ईश्वरी आडव्या झालेल्या गाडीच्या पलीकडं उभी होती, रडत नव्हती. तिच्या डोक्यावर तिचं निळं हेल्मेट होतं. सागरच्या डोक्यावर सुजाताचं हेल्मेट होतं. सुजाताच्या डोक्यावर माझ्या सांगण्यावरून घेतलेला पदर होता.

जागा कोडोलीची. माझी लेक मंगल तिथं दिली आहे, तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिच्या फाटकापासून मोरी दोनशे पावलं, मोरीपासून गावाची वेस आणखी शंभर. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. कारखाने सुरू झाले की आमच्याकडं ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस जातो आणि वळणावर मोळ्यांतून ऊस घसरतात. तसे चार-पाच ऊस रस्त्यावर पडले होते. सागरनं ते चुकवायला गाडी कडेला घेतली आणि पाल्यावरून चाक सरकलं. गाडीचा वेग सायकलीएवढाही नव्हता. सागर पडला, त्याच्यावर पोरगी पडली. सुजाता एका बाजूला पाय सोडून बसली होती. एका हातानं पोरीला धरलेलं, दुसऱ्या हातानं ओटी. गाडीला धरायला तिला हात उरला नव्हता. ती मागं गेली.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मी लिहिणारी बाई नाही, चौथीपर्यंत शाळा झाली. पण सुजाताबद्दल गावात जे बोललं जातंय ते खोटं आहे, आणि खरं काय ते ज्यांना माहीत आहे ते गप्प बसलेत. म्हणून लिहिते.

सुजाता चंदगडची. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन कोल्हापुरात आमच्या घरी आली. ती देवमाणूस वगैरे नव्हती. दूध उतू घालवायची, खोलीतला दिवा कधी बंद करायची नाही आणि एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायची नाही. आमच्या गल्लीच्या मागं एक बालवाडी आहे, तिथं ती शिकवायला लागली, आणि मग जगातल्या सगळ्या माणसांशी ती पाच वर्षांच्या पोरांशी बोलावं तशीच बोलायला लागली. मला रक्तदाबाची गोळी असते. ही समोर कंबरेवर हात ठेवून उभी. "आत्ती, गोळी गिळली काय? दावा बघू जीभ." ती सासूला आत्ती म्हणायची. मी सत्तरीची बाई, तिला जीभ दाखवायची. न दाखवून सांगते कुणाला. ती दारातून हलायचीच नाही.

हेल्मेटचं खूळ तिनं बालवाडीतून आणलं. पोरं खुर्ची उलटी करून गाडी-गाडी खेळायची. ती घरी येऊन नक्कल करून दाखवायची. जो पप्पा झालेला असतो तो मान वाकडी करून खांद्यात फोन धरतो, मधेच वळून पचकन थुंकल्यासारखं करतो आणि मागं बसलेल्या आईवर ओरडतो. आम्ही हसून हसून बेजार. ती मात्र हसायची थांबून म्हणाली, "आत्ती, ह्यातलं कुणी त्यास्नी शिकवलं न्हाय. पोरं आपलं ऐकत न्हाईत, आपल्याला बघत्यात." त्याच आठवड्यात तिनं स्वतःला एक लिंबू रंगाचं हेल्मेट आणलं आणि ईश्वरीला निळं. सागरलाही आणलं होतं. ते त्यानं गाडीच्या आरशाला अडकवलं आणि ते तिथंच लोंबत राहिलं, एक दिवस बाजारात कुणीतरी उचलून नेलं. सागर फौंड्रीत कामाला आहे. तिथं फाटकातून आत जाताना डोक्यावर टोपी घालतो, कारण साहेब ओरडतो. बाहेर आला की काढतो. सुजाता त्याला म्हणायची, तुम्हाला घरात पण एक साहेब लागतो. तो म्हणायचा, केस जातात. केस त्याचे आधीच गेले होते.

ईश्वरीशी तिचा ठराव ठरलेला होता. आधी आईनं घालायचं, मग तिनं. आईचा पट्टा कट्ट वाजला की पोरीचा पट्टा कट्ट. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी हेच. एकदा सुजाता घाईत विसरली तर पोरीनं गाडीवर चढायलाच नकार दिला, रस्त्यात मांडी घालून बसली. सुजाताला त्याचा एवढा आनंद झाला की तिनं ते गल्लीभर सांगितलं.

मला ती सगळी थेरं वाटायची. खरं तेच लिहायचं म्हटल्यावर हेही लिहिते. मी तिला टोचून टोचून बोलायची. म्हणायची, "तुमच्या चंदगडात पाऊस लई, जन्मतःच इरलं घालून हिंडताय. हितं कोल्हापुरात ऊन पडलंय बघ, काढ ते." गल्लीतल्या बायकांना तो विनोद आवडला. पुढं पुढं तिच्या हेल्मेटला सगळे इरलंच म्हणायला लागले. ती चिडायची नाही. बालवाडीत पोरांना म्हणे तेच नाव सांगायची, चला आपापलं इरलं घाला. आणि फाटकावर पालकांना अडवायची. एका बापाला तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, पोराला घातलंय ते तुमच्या डोक्यावर दिसेपर्यंत मी त्याला ते घालायला सांगणार न्हाय, कारण तो मला विचारतो आणि माझ्याकडं उत्तर न्हाय. तो माणूस लाल झाला. दुसऱ्या दिवसापासून घालून यायला लागला, पण तिच्याशी बोलायचा बंद झाला. अशी तिनं बरीच माणसं तोडली.

आता त्या दिवसाचं.

जेवणं झाली, पाहुणे निघायला लागले. मंगल निघणाऱ्या सवाष्णींची ओटी भरत होती. सुजाताची ओटी भरून झाली. तिनं पदराला गाठ मारली आणि उंबऱ्यापाशी ठेवलेलं हेल्मेट उचललं. मंगलच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या काही थेट बोलल्या नाहीत, शेजारणीला म्हणाल्या की नव्या घरातनं पहिल्याच दिवशी ओटीची बाई डोक्यावर काळ्या काचेचं भांडं पालथं घालून भाईर पडणार, आता घराचं काय व्हायचं ते होईल. वीस बायका होत्या. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून माझं डोकं फिरलं. मी सुजाताला म्हटलं, "पदर घे डोक्यावर. तसलं घालून उंबरा वलांडू नको."

ती म्हणाली, "पदर घेऊन त्यावर घालते की आत्ती."

"माझं नाक कापू नको पावण्यांत. वेशीपतोर पदर असू दे. वेस वलांडली की घाल काय घालायचं ते."

त्याआधी असं मी तिला शंभरदा बोलले असेन. ती हसायची आणि घालायची. त्या दिवशी ती माझ्याकडं बघत नव्हती, मंगलकडं बघत होती. मंगलला या घरासाठी किती ऐकून घ्यावं लागलं ते तिला ठाऊक होतं. तिनं हेल्मेट कोपरात अडकवलं आणि पदर घेतला. मला बरं वाटलं. आठ वर्षांत ही पहिल्यांदा वाकली, असं वाटलं.

अंगणात आली तर ईश्वरी आईकडं बघतच राहिली. मग स्वतःचा पट्टा सोडून हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "तू न्हाय, तर मी पण न्हाय."

सागर म्हणाला, असू दे गं, वेशीपर्यंत तर जायचंय. सुजातानं ऐकलं नाही. तिला पोरीला रागावता आलं असतं. एक धपाटा देऊन हेल्मेट चढवलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण पोरगी बरोबर होती आणि ते सुजातालाच सगळ्यात जास्त माहीत होतं. ती अंगणात उकिडवी बसली, ओटी सावरत. मग उठली आणि स्वतःचं हेल्मेट सागरच्या डोक्यावर चढवलं. "आज पप्पांचा नंबर. पप्पांचा कट्ट, मग तुझा कट्ट."

मांडवात गडीमाणसं पान खात बसली होती. सगळी हसली. जावईबापू ओरडले, "पावणं, बायकोचं घातलंसा, आता बांगड्या पण भरा की." सागरचा हात पट्ट्याकडं गेला. सुजातानं त्याच्या डोक्यावर पंजा ठेवून हेल्मेट खाली दाबलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वेशीपतोर. ती बघतीया."

आणि पट्टा लावला. मग पोरीचा लावला. दोन्ही वेळा आवाज झाला, मला तो ऐकू आला. मग बसली आणि गेली.

मी फाटकात उभी होते, म्हणून ओरडणं मला पहिलं ऐकू आलं.

गावातल्या जीपमधून तिला कोल्हापुरात नेलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली होती, डॉक्टरांनी फक्त बघितलं. मग त्यांनी सागरला तपासलं आणि ते लिंबू रंगाचं हेल्मेट हातात घेतलं. मागून पार तडकलं होतं. ते म्हणाले, हे डोकंही तिथंच आपटलंय. सागरला तोपर्यंत कळलंच नव्हतं की आपण आपटलो. ईश्वरीच्या कोपराला खरचटलं होतं, तिथं नर्सनं औषध लावलं. औषध झोंबलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

सुतकाच्या दिवसांत घर भरलेलं होतं. आलेला प्रत्येक माणूस म्हणत होता, लिहिलेलं चुकत नाही. मी मान हलवत होते. मंगल आली तेव्हा तिनं मला आत नेलं आणि म्हणाली, "आई, पदराचं कुणाला बोलू नगंस. माझ्या घराला लोक काय म्हणतील..." मी म्हटलं, न्हाय बोलत. सागर दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि खाली बघून निघून गेला. तो मला आजतागायत एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. सकाळी माझ्यासमोर चहा ठेवतो आणि फौंड्रीत जातो.

मग बालवाडीतल्या मावशी सुजाताच्या वस्तू द्यायला आल्या. जाता जाता म्हणाल्या की पालकांत चर्चा आहे. जगाला शिकवत होत्या, स्वतः मात्र घातलं नव्हतं म्हणे. फाटकावर आता कोणी विचारणारं नाही, पोरं पुन्हा उघड्या डोक्यानं टाकीवर बसून येतात. काही जण तर म्हणतात, बघा, ज्या घालत होत्या त्याच गेल्या.

ते मला सहन झालं नाही. बाकी सगळं झालं होतं. तिला दारातून उचललं तेव्हाही मी उभी राहिले होते. पण ती खोटारडी ठरली होती आणि ती तेवढी एक गोष्ट कधीच नव्हती. माझ्याजवळ खरी गोष्ट होती आणि मी ती मंगलच्या नव्या भिंतींसाठी दाबून बसले होते.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटायच्या वेळेला मी फाटकावर जाऊन उभी राहिले. जो बाप तिच्याशी बोलायचा बंद झाला होता तोच पहिला आला. उघड्या डोक्यानं. मी त्याच्या गाडीला हात लावून सांगितलं, "बाईंनी काढलं न्हवतं. मी काढाय लावलं. माझ्या लेकीच्या दारात मी तिला पदर घ्याय लावला, म्हणून ती मेली. तिचं तिनं नवऱ्याला घातलं, पोरीनं बघावं म्हणून." आणखी सात-आठ आई-बाप जमले. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मंगलच्या सासूसकट.

कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. एक बाई डोळे पुसायला लागली. तो बाप म्हणाला, "जाऊ द्या आजी. ज्याचं त्याचं नशीब." मग त्यानं पोराला उचलून टाकीवर बसवलं आणि गेला. पोराचं डोकं उघडं, त्याचंही उघडं. बाकीचे पण गेले. डोळे पुसणारी बाई पण तशीच गेली, मागं मुलगी उभी, आईच्या खांद्याला धरून.

मंगलला हे कळलं. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं आहे. तिच्या सासूबाईंनी म्हणे घराची पुन्हा शांत करायला घेतली. करू देत.

आता हे छापून आलं तर ज्यांना त्या दिवशी फाटकावर ऐकू गेलं नाही त्यांनी वाचावं. बालवाडीच्या सुजाताबाईंनी जे पोरांना सांगितलं ते शेवटपर्यंत पाळलं. त्या गाडीवर तिघं होती. तिनं ज्या दोघांच्या हनुवटीखाली स्वतःच्या हातानं पट्टा लावला, ती दोघं जगली.