खोकल्याची फाईल

माझ्या वडिलांनी आयुष्यात जीव लावला तो कॅसेटींना. बायको आणि मुलगा म्हणजे त्या कॅसेटींच्या आड येणारे दोन आवाज. त्यांचा टेप कायमचा बंद पडला आणि ऐंशी उलटलेला हा माणूस कॅसेटींनी भरलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन सावेडीतल्या माझ्या फ्लॅटवर राहायला आला, तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, आता सापडलात.

"सगळी गाणी कॉम्प्युटरात घाल," आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला. "आन् मधला कचरा काढून टाक."

कचरा म्हणजे काय ते सांगायला हवं. माझ्या लहानपणी आम्ही राहुरीला दोन खोल्यांत राहायचो. वडील कारकून. दर रविवारी सकाळी रेडिओवर जुनी गाणी लागायची, ती ते कॅसेटवर भरून घ्यायचे. रेडिओ टेपला जोडायची वायर काही त्यांच्याकडे नव्हती. म्हणून रेडिओ स्टुलावर, त्याच्या तोंडासमोर टेप, खिडक्या बंद आणि लाल बटण खाली. मग तासभर घरात कुणी हलायचं नाही. कुकर लावायचा नाही. मोरीतला नळ गळायचा, त्याच्याखाली फडकं घालून ठेवायचं. भांड्याला भांडं लागलं तर कार्यक्रम संपल्यावर पाठीत धपाटा ठरलेला. गाणं संपून बटण वर आलं की तेवढ्यात श्वास घ्यायचा. शेजारीण आईला विचारायची, "रयवारी तुमच्यात येवढं सामसूम का असतं? कुनी आजारी हाय का?"

आजारी होतीच. आईला दमा होता. हिवाळ्यात आसपासच्या शेतांत उसाचं पाचट पेटवलं की तिची छाती वाजायला लागायची. तिने अंगणात जाऊन बसावं, तर तिचा खोकला बंद खिडकीतूनही आत यायचा. शेवटी वडिलांनी तोडगा काढला, आणि तो तोडगा मी होतो. आईला आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसवायचं, मी शेजारी बसायचं आणि उबळ आली की तिच्या तोंडावर हात दाबून धरायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन. तिचे डोळे भरून यायचे, माझा तळवा गरम आणि ओला व्हायचा. वडील दारातून खूण करतील तेव्हाच मी हात काढायचो. कधी कधी ते खूण करायला विसरायचे.

मी सुप्याला कंपनीत लागलो त्याच वर्षी ती गेली. तिचे तीन फोटो आहेत. आवाज कुठेच नाही. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता, आणि आईचं बोलणं टेपवर भरून ठेवावं असं आमच्या घरात कुणाला सुचणंही शक्य नव्हतं. तिचा आवाज उरला असला तर तो या दोन ट्रंकांत, वडिलांच्या गाण्यांच्या खाली.

मी एक जुना टेप दुरुस्त करून आणला, कॉम्प्युटरला वायर लावली आणि रविवारचे रविवार त्यात घातले. वडील शेजारी खुर्ची टाकून बसायचे. पडद्यावर आवाजाची रेघ धावायची आणि मधेच टोकदार उंच व्हायची. "हितं खोकली बघ. काढ," ते बोट ठेवायचे. मी काढायचो. काढलेलं एका वेगळ्या फाईलमध्ये एकापुढे एक चिकटवत होतो, हे मात्र त्यांना कळत नव्हतं. दबके, बारीक आवाज होते, ते मी वाढवून घेतले. तिचं काही वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

मला त्यांच्याकडून एकच हवं होतं. मरायच्या आधी त्यांनी एकदा 'माझं चुकलं' म्हणावं. एवढ्यासाठी मी हा उद्योग मांडला होता, गाणी गेली खड्ड्यात.

काम संपलं त्या दिवशी मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आप्पा, ऐका तुमची गाणी," म्हणालो, स्पीकर मोठे केले आणि खोकल्याची फाईल लावली. पहिल्या खोकल्याला ते दचकले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, म्हातारा माणूस आहे, बंद करा ते!" मी खोलीचं दार लावून घेतलं.

वडिलांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचं बोट मांडीवर हलायला लागलं.

"ही उबळ दुसऱ्या कडव्याला आल्ती," ते म्हणाले. मग पुढच्या खोकल्याला, "आन् ही, बासरी चालू हुती तवा. सगळी बासरी नासली." असं एकामागून एक. त्यांना प्रत्येक खोकला पाठ होता.

"कोण खोकतंय ते कळतंय का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तुझी आई. मला काय ठावं न्हाई व्हय?"

मी वाट बघत राहिलो. आता म्हणतील, आता म्हणतील.

तेवढ्यात एक वेगळाच खोकला आला. गोधडीखालून आल्यासारखा, कोंडलेला. वडिलांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं कौतुकाने कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"ह्यो तुझ्या हाताखालचा," ते म्हणाले. "गानं वाचलं त्या दिवशी. तू लई नीट काम करायचास."

पुढचाही तसाच होता. त्याच्या पुढचाही. सगळे मी स्वतः मोठे करून ठेवलेले. मी फाईल बंद करायला माऊसवर हात टाकला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात काढ," वडील म्हणाले. "खोकू दे तिला."