आटपाडीहून एकही तक्रार नाही

अश्फाक मुजावर हा मुळातच काळजीखोर माणूस. सांगलीत त्याची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. संध्याकाळी कुलूप लावून तो घराकडे निघायचा आणि कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघायचा. त्याची बायको रुक्सार म्हणायची, कुलपालाही आता तुमची सवय झालीय.

असल्या माणसाला सुमंत देवस्थळीनं बरोबर हेरलं. सुमंत साताऱ्याचा, कॉलेजात शिकवणारा. डोकं तल्लख आणि घाई त्याहून जास्त. त्यानं शाळांचे निकाल लावणारा प्रोग्राम लिहिला होता. गुण भरायचे, की बेरीज, सरासरी, पास-नापास सगळं होऊन मराठीत छापून यायचं. प्रोग्राम फुकट, आणि त्याचा आतला मजकूरही त्याच फ्लॉपीवर. ज्याला कळतं त्यानं उघडून बघावं, सुधारावं आणि पुढच्याला द्यावं. दोन्ही जिल्ह्यांतली आठ-दहा हौशी मंडळी त्यासाठी रविवारी कराडच्या स्टँडवर जमायची. पगार कुणाला नव्हता आणि साहेबही कुणी नव्हता. त्यामुळे ज्याच्या हाती जी फ्लॉपी लागेल ती तो उदार मनानं वाटून मोकळा व्हायचा. एका शाळेत भूगोलाचे गुण चित्रकलेत जाऊन बसले, तेव्हा सगळे शहाणे झाले. नवी आवृत्ती बाहेर कधी जायची हे यापुढे अश्फाकनं ठरवायचं, असं ठरलं.

अश्फाकनं नियम केला. सातारा, सांगली आणि आटपाडी इथल्या एकेका शाळेनं मागच्या वर्षीचे गुण भरायचे, हातानं लावलेल्या निकालाशी ताडून बघायचे, मग यंदाचे भरायचे. तिघांचा होकार आल्याशिवाय फ्लॉपी कराडच्या पुढं जायची नाही. इतक्या लांबची आटपाडी कशाला, म्हणून सुमंत कुरकुरला. तिथल्या शाळेला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेरगावी गेलेल्या गावकऱ्यांनी संगणक दिला होता, एवढंच निमित्त. पण जवळच्या शाळा एकमेकींसारख्याच असतात, हे अश्फाकचं म्हणणं होतं.

अठ्ठ्याण्णवचा एप्रिल संपत आला. एक मेला झेंडावंदन झालं की शाळाशाळांत निकाल वाचले जाणार. त्याआधीच्या रविवारी चाळीस शाळांचे शिक्षक फ्लॉप्या न्यायला कराडला येणार होते. साताऱ्यानं ढीगभर तक्रारी करून होकार दिला. सांगलीनं भांडून भांडून दिला. शुक्रवारी आटपाडीहून नानासो गुरुजींचा फोन आला.

"मुजावर सर, सगळं बरोबर हाय. बिनधास्त वाटा."

"काहीच अडलं नाही?"

"काय बी न्हाई. मागच्या सालचा निकाल जसाच्या तसा आला बगा."

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. अश्फाकला मात्र हेच खटकलं. त्यानं सुमंतला फोन लावला.

"आटपाडीची एकही तक्रार नाही."

"मग तक्रार नाही हीच तुझी तक्रार का?" सुमंत भडकला. "तिन्ही होकार आले, तुझाच नियम! आता पाय मागं घेतलास तर चाळीस शाळांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

त्याचंही खरं होतं. पण अश्फाकला राहवेना. शनिवारी पहाटे त्यानं एस.टी. धरली. तासगाव मागं पडलं, द्राक्षबागा संपल्या, भिवघाटाच्या पुढं माळ लागला, आणि वाटभर तो स्वतःवरच चिडत होता. काही सापडलं नाही तर हसं होणार होतं, आणि सापडलं तर सुमंत तोंड फिरवणार होता.

नानासो गुरुजींनी मोठ्या कौतुकानं संगणक लावला आणि यंदाचा सातवीचा वर्ग दाखवला. अश्फाक एकेक नाव खाली सरकवत गेला आणि थांबला.

"गुरुजी, ही अनसूया. वार्षिकला गणितात वर्गात पहिली. आणि नापास कशी?"

"आवं, ती धनगराची हाय. दसऱ्यानंतर मेंढरामागं गेली, संक्रांतीला मामाकडं आली. सहामाही बुडली की तिची." गुरुजी सहज म्हणाले. "ती पोरं नापासच हुत्यात, सर. म्हणून मला काय वावगं वाटलं न्हाई."

सहामाहीचा रकाना मोकळा होता आणि प्रोग्रामनं त्याचं शून्य धरलं होतं. साताऱ्या-सांगलीत पोरगं आजारी पडलं की बाप अर्ज लिहितो, मास्तर रकान्यात 'रजा' भरतात आणि सरासरी उरलेल्या परीक्षांवर निघते. मेंढरं हाकायची घाई असलेला बाप अर्ज कुठला लिहितोय! ही फ्लॉपी उद्या चाळीस गावांत गेली असती, अश्फाकच्या होकारानं.

स्टँडजवळच्या बूथवरून त्यानं सुमंतला गाठलं. गुरुजी शेजारीच उभे होते.

"उद्याचं वाटप थांबव. मोकळा रकाना दिसला की प्रोग्रामनं थांबून विचारायला हवं. शून्य धरायचं कुणी सांगितलं तुला?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सांगितलं कुणी नाही," सुमंत सावकाश म्हणाला. "तू आटपाडी धरलीस, तेव्हा त्यांचे मागच्या वर्षीचे निकाल मागवून घेतले आणि ते समोर ठेवून ही आवृत्ती लिहिली मी. त्यांत मोकळ्या जागी शून्यच धरलं होतं." मग म्हणाला, "थांबवतो. चाळीस शाळांना मीच सांगतो."

फोन ठेवून अश्फाक वळला. सुमंतचं बोलणं त्यानं गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी टोपी काढली.

"मागचा निकाल मीच लावला हुता, सर. हातानं."

"कोणाची सहामाही बुडाली होती?"

"हिच्याच भावाची. धुळाची. हुशार हुतं पोरगं. म्या शून्य धरलं आनि नापास केलं. बाप बोलला, मग शाळेचं काय खरं न्हाई, आनि घेऊन गेला."

हातून काही चुकीचं बाहेर जाऊ नये म्हणून अश्फाक जन्मभर जिवाला घोर लावून घेत आला होता. ही चूक तर संगणकाशिवायच बाहेर गेली होती, आणि एका माणसाचाही जीव त्यासाठी खालीवर झाला नव्हता. त्याला फार वाईट वाटलं.

"त्याचा निकाल अजून बदलता येईल ना, गुरुजी?"

"निकाल बदलंल की. त्यात काय, एक कागुद लागंल." गुरुजी माळाकडं बघत म्हणाले. "धुळा आता कुठल्या माळावर असंल, ते त्याच्या मामालाबी ठाव न्हाई. कुनाला इचारायचं?"