डावा पाय

ओल्या तुरटीचा वास आला की मला रत्नागिरीच्या इस्पितळातली ती सकाळ आठवते. दादा सायकलच्या शर्यती मारायचा आणि प्रत्येक शर्यतीआधी आमच्या वाडीतले न्हावीकाका वस्तऱ्याने त्याच्या पायांवरचे केस काढायचे, म्हणजे पडला तरी जखम धुवायला सोपी. पण मिरजोळ्याच्या उतारावर ट्रकखाली चिरडलेला त्याचा उजवा पाय त्या दिवशी मांडीतून कापायचा होता. त्याआधी केस काढायलाही त्याला काकाच हवे होते. साबणाच्या पाण्याची वाटी धरून मी उभी होते. काकांनी मांडीवरून हलकेच वस्तरा फिरवला, सवयीने तुरटी चोळली आणि वस्तरा मिटला. तेवढ्यात दादा म्हणाला, "काका, डावा राहिला ना." काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि वस्तरा पुन्हा उघडला. त्या पायावरचे केस आता पिकलेत, तरी दादा ते वाढू देत नाही.